एका रात्रीच्या अनेक प्रती

नव्वदच्या दशकात पेडणे-डिचोलीकडच्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या खणात काळ्या व्हीएचएस कॅसेटी असत. एखादी लग्नाची, एखादी देवळापुढच्या दहीकाल्याची. चित्रण एकदाच झालेले, संकलनही एकदाच. पाहणारी माणसे मात्र चार देशांत पांगलेली. इतिहासकार या कॅसेटींकडे सहसा फिरकत नाहीत. पण दशावतारातला राजा मराठीत गर्जतो आणि पुढ्यात बसलेली मंडळी कोंकणीत शेरे मारतात, हे दोन्ही आवाज एकत्र टिपलेले दुसरे साधन कोणते दाखवाल?

त्या काळी प्रत काढणे म्हणजे एका यंत्रावर कॅसेट लावून दुसऱ्यावर उतरवून घेणे. कॅमेऱ्यातली फीत पहिली पिढी, संकलित झालेली दुसरी, पाहुण्यांना वाटलेली तिसरी. प्रत्येक पिढीला चित्र मवाळ होई, लाल रंग तर हमखास पसरे. संकासुराची जीभ त्याच्या काळ्या अंगरख्यावर ओघळल्यासारखी दिसे.

प्रत परदेशी जायची असली की आणखी एक अडचण. भारतात पाल पद्धत : 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रे. कुवेत, दुबई, लंडन इथेही पालच. 1961 साली ज्यांचे राज्य इथून गेले त्या पोर्तुगालनेही रंगीत प्रक्षेपणासाठी पालच स्वीकारली, म्हणून आपली कॅसेट लिस्बनला बिनतक्रार चाले. अमेरिकेत मात्र एनटीएससी : 525 रेषा, सुमारे 30 चित्रे. तिथल्या साध्या यंत्रात आपली फीत घातली की चित्र गरगरे. रूपांतर करून घ्यावे लागे आणि 25 चित्रांतून 30 करताना तलवारयुद्धाची लय अडखळे. ही झाली चौथी पिढी.

मग व्हीसीडी आली. तिचे मानक 1993 सालचे. तबकडीवर 74 मिनिटे. रात्रभर चालणाऱ्या दशावताराला पाच-सहा तबकड्या! डिजिटल कॅमेऱ्याच्या फितीवरचे एका तासाचे चित्रण संगणकावर सुमारे 13 गीगाबाइट जागा खाई. व्हीसीडीत तेच सहाशे-सव्वासहाशे मेगाबाइटांत कोंबले जाई, म्हणजे जवळजवळ विसावा हिस्सा. बाकीचे जाई कुठे? पेट्रोमॅक्सच्या उजेडापलीकडच्या काळोखात चौकोनी ठिपके दिसतात ना, तिथे. डीव्हीडीच्या चित्रात व्हीसीडीच्या चौपट ठिपके मावत, पण व्हीसीडीवरून डीव्हीडी काढल्याने ते चौपट तपशील परत येत नसत.

माझ्या मते खरे नुकसान याहून निराळे आहे. लग्नाच्या संकलनात मूळ आवाज काढून वर सिनेमागीत बसवण्याची रीत पडली होती. तयार प्रत गिऱ्हाइकाच्या हाती पडली की स्टुडिओवाले मूळ फीत पुन्हा वापरत, संगणकही रिकामा करीत. त्यांना दोष कसा द्यावा? जागा महाग होती. पण ओव्या म्हणणारी आजी त्या गीताखाली कायमची गप्प झाली.

2004 पासून इफ्फी पणजीला भरू लागला. चित्रपटगृहाचे गणित पुन्हा वेगळे, सेकंदाला 24 चित्रे. 25 च्या गतीचा तासभराचा लघुपट त्या गतीने दाखवला तर अडीच मिनिटे लांबतो आणि आवाज न सुधारल्यास किंचित खाली उतरतो. आता सारे मोबाइलवर. जुन्या फितीत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, सम-विषम रेषांनी रंगवलेले असते. ते नीट जुळवल्याशिवाय फाइल केली की हलत्या माणसांच्या कडेला फणीचे दाते उमटतात.

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फितीला बुरशी लवकर धरते. घरात कॅसेट आणि तिच्यावरूनच काढलेली व्हीसीडी, दोन्ही असतील तर उतरवून घ्यायची ती कॅसेट. बुरशी दिसली तर आधी फीत साफ करवून घ्यावी, नाहीतर यंत्राचे डोके खराब होते. आणि उतरवणाऱ्याला सांगावे, कमी दाबलेली मोठी फाइल वेगळी ठेव. मोबाइलवरची छोटी तिच्यावरून केव्हाही काढता येते.