तख्तीपासून मोबाईलपर्यंत : उर्दू वर्गातल्या साधनांचा इतिहास

मागच्या महिन्यात चौथीतल्या एका मुलीच्या हातात मी माझा मोबाईल दिला आणि म्हटलं, आपल्या गावाचं नाव उर्दूत लिही. तिने एकेक अक्षर शोधत मीम, नून, टे, दोचश्मी हे आणि अलिफ दाबलं. अक्षरं एकमेकांना धरून उजवीकडून डावीकडे उतरत गेली आणि पडद्यावर ‘मंठा’ उमटलं. अगदी पुस्तकात असतं तसं, नस्तालीकमध्ये. ‘टीचर, किताब के जैसाच आया!’ ती ओरडली. पाठीमागच्या बाकावरची मुलंही उठून आली.

मी मंठ्यात उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं, याची प्रशिक्षणं आम्हा शिक्षकांना अधूनमधून होत असतात. तिथे प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड, ॲप अशी यादी मिळते. जणू या आधी वर्गात साधन असं काही नव्हतंच. पण उर्दू वर्गाला साधनांचा स्वतःचा एक इतिहास आहे. तो समजून घेतला, तर आज काय करायला हवं आणि काय टाळायला हवं, हे बरंच स्पष्ट होतं.

सुरुवात तख्तीपासून करू. माझे अब्बा शाळेत तख्ती घेऊन जात. लाकडी फळी, तिच्यावर मुलतानी मातीचा लेप. लेप उन्हात वाळला की रेघा आखायच्या, बोरूची कलम शाईत बुडवायची आणि लिहायचं. उस्तादजी आधी फिकट अक्षर काढून देत, मूल त्यावरून हात फिरवी. भरलेली तख्ती धुतली की उद्यासाठी पुन्हा कोरी. कागदाचा खर्च नाही, चुकीची भीती नाही. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःची तख्ती होती, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट.

मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राज्यातून बाहेर पडला होता. त्या राज्याने १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ काढलं आणि विज्ञान, वैद्यक, कायदा हे विषय उर्दूतून शिकवायचं ठरवलं. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराची स्वतंत्र संस्था, दारुल तर्जुमा, उभी केली. (याच राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेतून वरचं शिक्षण मिळत नव्हतं, हेही आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवलं पाहिजे.) मात्र इतका पैसा आणि सत्ता असलेल्या त्या राज्यालाही एक गोष्ट जमली नाही. नस्तालीक लिपी यंत्रावर आणायचा प्रयत्न हैदराबादेत झाला आणि फसला.

कारण लिपीतच आहे. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेखाली शेजारी शेजारी उभी राहतात. नस्तालीकमध्ये अक्षर आपल्या शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं आणि शब्द तिरका खाली उतरतो. एकट्या ‘बे’ची कितीतरी रूपं होतात. शिशाचे खिळे पाडायचे तर हजारोंनी पाडावे लागतात. म्हणून उर्दूने दुसरी वाट धरली, शिळाप्रेसची. कातिब खास शाईने कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरवून छापायचं. लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८५८ पासून या पद्धतीने हजारो पुस्तकं काढली. पुढे दगड जाऊन ऑफसेट आलं, तरी कातिब राहिला.

महाराष्ट्रात १९६७ साली बालभारती स्थापन झाली. मराठीबरोबर उर्दूचीही पाठ्यपुस्तकं तिथून येऊ लागली. माझ्या लहानपणची उर्दू पुस्तकं कातिबाच्या हातची होती. आम्ही छापील अक्षर वाचतोय असं वाटायचं, पण ते कुणा माणसाचं हस्ताक्षर होतं. अक्षर सुंदर असायचं, यात शंका नाही. अडचण अशी की, शेजारच्या मराठी शाळेची प्रश्नपत्रिका टाइप होऊन यायची आणि आमच्या गुरुजींना रात्री बसून स्टेन्सिलवर हाताने लिहावी लागायची. मराठी शाळेला टाइपरायटर मिळाला, उर्दू वर्ग मात्र मधला हा सगळा काळ यंत्राविना राहिला.

याच काळात टीव्ही शाळेत आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा एक वर्षाचा ‘साइट’ प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण निजामाच्या राज्यातले आपले जुने शेजारी, गुलबर्गा आणि रायचूर, होते. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला आणि कार्यक्रमही थांबले. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. शाळेतल्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी ही संस्था २०१७ साली बंद झाली.

मी नोकरीला लागले तेव्हाच्या शाळेत एक टीव्ही होता. कपाटात, कुलपात. किल्ली मुख्याध्यापकांकडे. वर्षातून दोनदा बाहेर निघायचा, आणि निघाला की नेमकी लाईट नसायची. मुलांनी त्याला कधी हात लावला नाही. तख्ती आणि टीव्ही यांतला फरक मला तेव्हा दिसला नव्हता. आता दिसतो. तख्ती मुलाची होती, टीव्ही शाळेचा होता.

नस्तालीकची कोंडी फुटली ती १९८१ साली. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी सुटी अक्षरं बाजूला ठेवली आणि जोडाक्षरांचे सुमारे वीस हजार तयार तुकडे स्वतः लिहून संगणकासाठी दिले. तोच ‘नूरी नस्तालीक’. लाहोरचा ‘जंग’ त्यात छापला गेला. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ बाजारात आणलं आणि भारतातली उर्दू छपाई कातिबाच्या बैठकीवरून संगणकावर आली. अनेक कातिबांची रोजी गेली, हेही नोंदवायला हवं.

मात्र इनपेजचा मजकूर बराच काळ इनपेजपुरताच होता. मोबाईलवर पाठवायचा तर त्याचं चित्र करावं लागे. मुलाला ते पाहता येई, त्यात शब्द शोधता येत नसे, एक अक्षर बदलता येत नसे. २०१४ साली गुगलने युनिकोडमधला नस्तालीक फॉन्ट मोफत दिला. त्यानंतर हळूहळू साध्या मोबाईलवरही उर्दू तिच्या खऱ्या रूपात दिसू लागली. चौथीतल्या मुलीचं ‘मंठा’ या सगळ्या वाटेने पडद्यावर पोहोचलं आहे.

मग २०२० आलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मीही इतरांसारखा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि रोज धड्यांची चित्रं टाकू लागले. आपण फार आधुनिक झालो असं वाटत होतं. महिन्याभराने लक्षात आलं की ग्रुपवर निम्मीही घरं नाहीत. जी आहेत, तिथे फोन वडिलांचा किंवा भावाचा. मुलीच्या हातात तो रात्री नऊनंतर येणार, तोही बॅटरी उरली तर. शाळा उघडल्या तेव्हा वरच्या वर्गातल्या काही मुली परत आल्याच नाहीत. माझी चित्रं त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं अर्धं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिलं. सगळीकडे चर्चा झाली ती क्यूआर कोडची. पाठ्यपुस्तकावर तो चौकोन छापायचा, फोन धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पण डिसले यांचं आधीचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००९ साली ते त्या शाळेत गेले, तेव्हा मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. ते आधी कन्नड शिकले. मग पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि नंतर त्यांत कोड आले. त्यांच्या शाळेत मुलींची हजेरी वाढली, त्याचं श्रेय एकट्या चौकोनाला देणं चूक ठरेल.

आज बालभारतीच्या उर्दू पुस्तकावरही क्यूआर कोड असतो. माझ्या वर्गात आम्ही पाच मुलांमागे एक फोन घेतो. फोन आधी मुलीच्या हातात द्यायचा, हा नियम आहे. मुलं दादी-नानीकडून दखनी शब्द विचारून येतात, आवाज रेकॉर्ड करतात, मग तो शब्द उर्दूत आणि मराठीत टाइप करतात. चुकलं की पुसतात, पुन्हा लिहितात. अब्बांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘ये तो तख्तीच हुई ना?’

आपल्यापैकी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलगी आहे, त्यांना एक विनंती. रोज संध्याकाळी अर्धा तास फोन तिच्या हातात द्या, चार्ज करून. समोर बसा आणि तिला आपल्या गावाचं नाव लिहायला सांगा. पुढचं तिला आणि तिच्या शिक्षिकेला ठरवू द्या.