बोरघाटातील थकलेली मजुरी

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्या समारंभाची वर्णने बऱ्याच ग्रंथांतून आढळतात. त्याच्या चार वर्षे आधी खंडाळ्यास काय घडले, याची वाच्यता मात्र क्वचितच होते.

घाट मोठा बिकट. सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट असा खडा चढ. आखणी मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांची. परंतु कागदावर रेषा ओढणे निराळे आणि ती कड्यावर उतरविणे निराळे. जेथे पाऊल टेकावयास जागा नव्हती, तेथे माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडीत आणि ती अधांतरी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. काळा पाषाण कोठे फुटतो, भोक किती खोल घ्यावे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते; ते पाथरवटाच्या मनगटात होते. त्यातच पटकीच्या साथी येत आणि माणसे शेकड्यांनी दगावत.

एवढे कसब ज्यांच्या हाती, त्यांची मजुरी मात्र अनेक हातांतून पाझरत खाली येई. मक्ता विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराचा. त्याच्या हाताखाली पोटमक्तेदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सर्वांत शेवटी कामकरी. कबूल केलेला दर पदरात पडेना, महिन्यांची मजुरी थकू लागली. पैसा वर अडला की मध्ये मुरला, हे बिचाऱ्या बेलदाराने कोणास विचारावे? अखेर जानेवारी १८५९ मध्ये खंडाळ्याच्या बाजूस दंगल उसळली. तीत एक युरोपियन मृत्युमुखी पडला. सरकारी चौकशीत मजुरीची तक्रार खरी ठरली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये फॅविएलने काम सोडले.

पुढील साली, १८६० मध्ये, सरकारने मालक व कामकरी यांच्या तंट्यांचा कायदा केला. थकलेल्या मजुरीची दाद त्यात लवकर मिळू शकत होती खरी. परंतु त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणारा मजूर तुरुंगाचा धनी झाला. मजुरी बुडविणाऱ्यास असे भय नव्हते!

फॅविएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आले आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिने मक्ता सोडला नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन तिने काम तडीस नेले. १८६१ मध्ये घाटावर ४२,००० पर्यंत माणसे राबत होती. त्याच डोंगरावर, तशाच पाथरवटांनी आणि बेलदारांनी, उरलेले बोगदे दोन वर्षांत पुरे केले.

उद्घाटनाला चार वर्षे होतात न होतात, तोच जुलै १८६७ मध्ये घाटातील माहूकीमाळीचा दगडी पूल कोसळला. दगडकामातच दोष निघाला.