सुरतेचे वाणी आणि भडोचची वाट

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाला १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. परंतु त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, एकही शस्त्र न उपसता, ज्यांनी या तापीकाठच्या बंदराची सारी उलाढाल ठप्प केली, त्या वाण्यांची हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

शहरच्या काझीने बळजबरीच्या धर्मांतरांचा आणि देवळे वाचवण्याच्या नावाखाली पैसे उकळण्याचा जो जुलूम मांडला होता, त्यात इंग्रज वखारीचे जुने सराफ तुळसीदास पारेख यांचा पुतण्याही सापडला, तेव्हा भीमजी पारेख प्रभृती वाण्यांनी वखारीचा अध्यक्ष जेरल्ड आँजियर याची भेट घेऊन मुंबईत आसरा मागितला. औरंगजेब बादशहाची इतराजी ओढवेल या भीतीने आँजियरने त्यांना तूर्त परावृत्त केले. आणि मग सप्टेंबर १६६९ मध्ये सुमारे ८,००० वाणी पुरुष, बायकामुले आप्तांच्या हवाली करून, नर्मदाकाठच्या भडोचेस निघून गेले. काझीने त्यांना माघारी फिरवण्याची मागणी केली, तेव्हा शहराच्या अंमलदाराने उत्तर दिले की ही बादशहाची रयत आहे, तिला त्याच्या मुलखात वाटेल तिथे जाण्याची मुभा आहे. धर्माने मुसलमान असलेल्या त्या अंमलदाराचे हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

मागे राहिलेल्या दुकानांची कुलुपे महाजनाच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाच्या, हुकमावाचून उघडायची नाहीत, उघडल्यास जबर दंड, असा निर्बंध होता. त्यामुळे टंकसाळ बंद, जकातघर बंद, बाजारात धान्य मिळेना आणि व्यापार तर राहोच, घरखर्चालाही रोकड मिळेना.

हे बळ कुठून आले, ते हुंडीचा एखादा कागद पाहिला की उमगते. रक्कम शंभराची असेल तर ती एकदा लिहून भागत नसे. ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट’ अशी पुन्हा लिहीत, म्हणजे कोणी आकड्यापुढे शून्य वाढवील तर लबाडी तत्काळ उघडी पडे. सुरतेत लिहिलेला तो कागद दूरच्या पेठेतला सराफ आपल्या पेढीवर पटवी. दोघांवर एक धनी नसे, दोघांमध्ये पत असे.

रागावून ठिकाण सोडण्याची अशी गोष्ट आपल्याही काळात घडली. अलीकडे, २०२२ साली ट्विटरचे स्वामित्व बदलल्यावर, आणि आपल्या देशात त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये काही खाती बंद झाल्याच्या रागाने, अनेक जण मॅस्टोडॉन या दुसऱ्या समाजमाध्यमावर गेले, जिथे प्रत्येक सर्व्हरचा कायदा निराळा, तरी एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. ही रचना मला महाजनांच्या आणि पेढ्यांच्या जवळची वाटते. पण पुष्कळ जण एकेकटेच निघाले, ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे जुन्याच ठिकाणी राहिली, आणि त्यांतले कित्येक काही आठवड्यांत परतले.

सुरतेचे वाणीही परतले, परंतु अभय मिळवून. औरंगजेबाने त्यांच्या सुरक्षिततेची हमी देणारे पत्र पाठवले, काझीची उचलबांगडी झाली, आणि २० डिसेंबर १६६९ रोजी ते आपल्या शहरात आले. मुंबईचा विचार मात्र भीमजींच्या मनातून गेला नाही. पुढे त्यांच्याच खटपटीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ साली त्या बेटावर उतरला.