मूलद्रव्यांची पंगत आणि विजयदुर्ग

वाघोटण खाडीच्या मुखाशी उभा असलेला विजयदुर्ग आंग्र्यांच्या आरमारामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. १९८१ साली हा भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला. आम्ही सांगणार आहोत त्या काळी तो रत्नागिरीचाच होता. रसायनशास्त्राच्या इतिहासातही या दुर्गाचे नाव निघते. तेथील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरने हेलियमचा शोध येथेच लावला, असे सांगण्यात येते. ही समजूत कितपत खरी, हे पाहू गेल्यास मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा सारा इतिहासच डोळ्यांपुढे येतो.

प्रत्येक मूलद्रव्याचा तप्त वायू आपापल्या ठरावीक रंगरेषा वर्णपटात उमटवितो. त्या रेषा म्हणजे त्या द्रव्याची स्वाक्षरीच होय. १८६८ च्या ग्रहणात जमखिंडी, विजापूर, गुंटूर इत्यादी ठिकाणी निरीक्षक दुर्बिणी रोखून बसले होते. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने सौर ज्वालांच्या रेषा पाहिल्या व दुसऱ्याच दिवशी ग्रहणावाचूनही त्या दिसू शकतात हे सिद्ध केले. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडातच होता. २० ऑक्टोबर रोजी त्याने तेथूनच स्वतंत्रपणे त्या रेषा पाहिल्या. त्यांतील एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेजवळची, परंतु तिच्याशी न जुळणारी होती. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची ती नव्हे, असे ठरल्यावर सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्यास हेलियम म्हणू लागले.

याच सुमारास मूलद्रव्यांची व्यवस्था लावण्याचे प्रयत्न चालू होते. १८६५ साली न्यूलँड्सने दाखविले की, अणुभारांच्या क्रमाने द्रव्ये मांडली असता आठव्या द्रव्यात पहिल्याचे गुण पुन्हा दिसतात. आपल्या सप्तकात नीनंतर वरचा षड्ज यावा, तसेच हे झाले. विद्वानांनी त्याची थट्टा केली. १८६९ साली रशियातील मेंडेलिएव्हने ६३ द्रव्यांची पंगत मांडली. त्याचे खरे धैर्य असे की, न आलेल्या पाहुण्यांसाठी त्याने पाने राखून ठेविली व ते पाहुणे कसे असतील हेही सांगून टाकले. १८७५ त गॅलियम, १८७९ त स्कँडियम व १८८६ त जर्मेनियम येऊन त्या पानांवर बसले.

परंतु ज्याच्यासाठी पानच मांडलेले नाही असा पाहुणा आला तर? १८९४ साली रॅले व रॅम्झे यांस हवेत आर्गॉन सापडला. तो कशाशीही संयोग पावेना, आणि त्याचा अणुभार पोटॅशियमहून किंचित अधिक भरला. पुढच्याच वर्षी रॅम्झेला क्लीव्हाइट नामक युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली. २७ वर्षे केवळ सूर्यावर राहिलेला हेलियम पृथ्वीवर हाती लागला. मेंडेलिएव्ह स्वतः आर्गॉनविषयी साशंक होता. हा नायट्रोजनचाच प्रकार असावा, असे त्यास वाटे. अखेरीस १८९८ त निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन सापडले, तेव्हा या निष्क्रिय वायूंचे एक संबंध कुटुंबच आहे असे दिसून आले. त्यांस स्वतंत्र उभी ओळ देण्यात आली व १९०२ साली मेंडेलिएव्हनेही ती स्वीकारली. आर्गॉन-पोटॅशियमच्या क्रमाचे कोडे १९१३ नंतर मोस्लीच्या प्रयोगांनी सुटले. द्रव्याचे स्थान अणुभार ठरवीत नसून अणुक्रमांक ठरवितो. आर्गॉनचा तो १८, पोटॅशियमचा १९.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर तेथे खरोखर आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील खलाशांस शिकवून त्याने त्यांजकडून सौर वर्णपटाच्या निरीक्षणास साहाय्य घेतले. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. नायगमवाला जेऊर येथे गेले होते.

म्हणजे हेलियमचा जन्म विजयदुर्गी झाला नाही. परंतु ज्या वर्षी निष्क्रिय वायूंचे कुटुंब पूर्ण होऊ लागले, त्याच वर्षी हेलियमचे नामकरण करणारा शास्त्रज्ञ कोकणच्या या किनाऱ्यावर उभा होता, हे काही थोडे नव्हे. मेंडेलिएव्हने पुराव्यापुढे आपल्या कोष्टकास नवी ओळ जोडली. आपल्या गावाच्या अभिमानानेही पुराव्यापुढे तेवढीच जागा करून द्यावी, असे आम्हांस वाटते.