डोंगरातला देवमासा

मांस सोडणे माणसाला इतके जड का जाते, असे कोणी विचारले की मला जपान आठवतो. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने वर्षातील काही महिने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी खाण्यास बंदी केली. पुढे बौद्ध विचाराने व विटाळाच्या कल्पनेने मांस अधिकच निषिद्ध ठरले. पण जिभेने वाट काढलीच! देवमासा मासाच समजला जाई. म्हणून रानडुक्कर झाले ‘डोंगरातला देवमासा’. हिरोशिगेच्या १८५८ च्या एका चित्रात दुकानावर हीच पाटी झळकते. अशक्तांना तर मांस ‘औषध’ म्हणून चाले. अखेर १८७२ मध्ये सम्राट मेइजीने स्वतःच गोमांस खाल्ले.

मला यात लबाडीपेक्षा शरमच अधिक दिसते. नाव बदलणाऱ्याच्या मनाला बंदी पटलेली असते. पटत नाही ती फक्त जिभेला.