नुसतं ऐकायला डिग्री कशाला?

एक मैत्रीण मानसिक आरोग्य समुपदेशनात मास्टर्स करायला अमेरिकेला निघाली. मी पचकलो, "नुसतं ऐकायला डिग्री कशाला?" मग इतिहास वाचला. त्यात चक्क रॉकेट निघालं!

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. हुशार पोरं हेरून विज्ञानाकडे वळवायला शाळांत समुपदेशक हवेत, म्हणून १९५८च्या कायद्याने त्यांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना पैसा दिला. हवे होते इंजिनिअर, तयार झाले समुपदेशक!

१९६३च्या कायद्याने गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रांची सोय झाली, आणि समुपदेशकांचं काम शाळेबाहेर पसरलं. १९७६ मध्ये व्हर्जिनियाने पहिल्यांदा त्यांना परवाना दिला. कॅलिफोर्निया शेवटी, २००९ मध्ये. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप ही संस्था १९८१ची. तिच्या नियमांनुसार आज ६० क्रेडिट्स, शिवाय ७०० तास प्रत्यक्ष काम. त्यातले २८० तास समोर खरा माणूस, आणि चुका दाखवायला अनुभवी मार्गदर्शक.

गेल्या वर्षी रूममेट रात्री मन मोकळं करायला बसला होता. मी बग समजून पाच मिनिटांत सोल्युशन दिलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

असो. मैत्रिणीला आज सॉरी म्हणतोय. आणि रूममेटला फोन करतोय, या वेळी ऐकायला.