दूध तोडल्यानंतर स्तनांची काळजी

मुलाचे अंगावर पिणे थांबले की आईच्या स्तनांत होणारे बदल व त्या दिवसांतली काळजी. उष्टावणानंतर वरचे खाणे वाढत जाऊन दूध हळूहळू सुटले, तर त्रास जवळजवळ होत नाही. होतो तो एकाएकी तोडल्यावर. पालमसारख्या (जि. परभणी) गोदाकाठच्या शेतीच्या तालुक्यात बाई कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला निघाली आणि लेकरू आजीपाशी राहिले, की नेमके हेच घडते. बोंडीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला की लेकरू तोंड फिरवते; पान्हा मात्र दाटतच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट होते, ठणकते, शेजारचे मूल रडले तरी चोळी भिजते.

दूध आत साचून राहणे हीच ते आटण्याची खूण असते. साचलेल्या दुधामुळे निर्मिती मंदावते, दूध करणाऱ्या पेशी झडतात व त्यांच्या जागी चरबी येते. म्हणून पिळून स्तन रिकामा करू नये. ठणका उतरेल एवढेच दूध हाताने काढावे. शक्य असेल तर दर तीन-चार दिवसांनी एकेक पाजणे कमी करावे. गार पाण्याच्या घड्या, आधार देणारी पण न आवळणारी चोळी, गरज वाटल्यास पॅरासिटामॉल एवढे पुरते. लुगड्याच्या पट्टीने छाती करकचून बांधल्यास दुधाच्या नळ्या दबतात, गाठ धरते, कधी पिकते. पाणी तोडल्याने दूध आटत नाही, बाईचे हाल तेवढे होतात.

मोगऱ्याची फुले छातीवर बांधण्याचा दाक्षिणात्य उपाय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत तो ब्रोमोक्रिप्टीन या औषधाइतका लागू पडला. पण त्या स्त्रिया नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या.

दाबल्यास थेंबभर दूध पुढे काही महिने येऊ शकते. स्तन ओघळतात याचे खापर पाजण्यावर फुटते, ते अन्यायाचे आहे. वय, बाळंतपणांची संख्या आणि धूम्रपान ही त्यामागची कारणे.

ताप, थंडी, लालसर तापलेला भाग, आठवडाभरात न विरणारी गाठ किंवा रक्ताळ स्राव दिसल्यास शेक देत बसू नये, दवाखाना गाठावा. पाजत असताना दिवस जात नाहीत हा भरवसाही आता धरू नये. तो पहिल्या सहा महिन्यांपुरता, फक्त अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी न आलेल्या बाईसाठीच असतो. दूध तोडतानाच तांबी, गोळ्या किंवा निरोध यांविषयी गावच्या आशा कार्यकर्तीला विचारून घ्यावे.